काउंटरवरची टाकी

दि. ३ मार्च

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. हे शब्द हाताने सवयीने लिहिले, नाहीतर आज ते द्यायची माझी अजिबात तयारी नाही. फोनवर तू ओरडतेस आणि मी ठेवून देतो, म्हणून लिहायला बसलो. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

रविवारच्या साप्ताहिकात तू जे छापून आणलंस ते मला कुणी दाखवलं असेल? समोरच्या चष्मेवाल्याने. कात्रण कापून, चौकोनी घडी घालून घेऊन आला आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. वर म्हणतो कसा, मुलगी फार छान लिहिते हो. दुकानाचं नाव घातलं नाही म्हणून तू हात झटकशील. पण ‘मी ज्या माशांच्या दुकानात लहानाची मोठी झाले’ असं लिहिल्यावर नाव राहिलं कशाला? माशावाल्याची मुलगी कोण हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. दोन दिवसांत चार जण कात्रण हातात धरून आत आले. एकाने तर विचारलं की आमचा मासा मेला तो तुमच्यामुळे का.

हातभर टाकीत फायटर ठेवायचा, सोबतीला गप्पी आणि तळाला कॅटफिश कोंबायचे, ‘याला काही लागत नाही’ म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं, असं तू लिहिलंस. कोंबायचे! एकतीस वर्षं मी हा धंदा करतोय. फायटर वर येऊन तोंडाने हवा घेतो, त्याला साचलेल्या पाण्यातही जगता येतं, हे तुला मीच शिकवलं. तू पाण्याच्या प्रयोगशाळेत चार बाटल्या हलवायला लागलीस आणि बापाला शिकवायला निघालीस.

तर ऐक. आज सकाळी मी काउंटरवर दहा लिटरची टाकी मांडली आहे. एक फायटर, चार गप्पी, दोन कॅटफिश. जे गिऱ्हाइकाला देतो तेच, तसंच. वर पाटी लावली आहे, ‘आठवडा पहिला’. काय होतं ते तुला कळवत राहीन. महिनाभर सगळे जगले की त्याच साप्ताहिकात तू लिहायचंस की माझं चुकलं. मोठ्या अक्षरात.

तुझा भाऊ बगळा हे सगळं बघून नुसता मान हलवतो. उंची वाढली तेवढी जीभ वाढली नाही, हे एक बरं आहे.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

तुझा,
बाबा

*

दि. ७ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नमस्कार मनापासून, बाकीचं रागाने. तुम्ही ज्या वाक्यांवर चिडलात ती सगळी खरी आहेत. एकही खोटं असेल तर दाखवा, मी मोठ्या अक्षरात काय, पाटीवर लिहून गळ्यात घालीन.

मी ते का लिहिलं हे तुम्ही विचारलंच नाही, म्हणून न विचारता सांगते. मागच्या सुट्टीत मी घरी आले होते आणि दुपारी दुकानात बसले होते. एक शिवणकाम करणारी बाई आली होती. बरणीत मेलेला फायटर आणि तरंगणारे दोन गप्पी घेऊन. तिसऱ्यांदा आली होती. तुम्ही बरणी उजेडात धरलीत आणि तिला म्हणालात की काही जणांच्या हाताला मासे लागत नाहीत, त्याला इलाज नाही. मग तिला चौथा फायटर दिलात. बाबा, तिने स्वतःचे हात उलटे करून बघितले. बोटांच्या टोकांना सुया टोचून टोचून कातडं जाड झालेलं होतं. खरंच त्या हातात काही खोट आहे अशा नजरेने ती बघत होती. मासे मरतात हे मला माहीत आहे, मी तुमच्या घरात वाढले. पण ते पाण्याने मरतात आणि तुम्ही तिला सांगितलंत की ते तिच्यामुळे मरतात. इथे परत येईपर्यंत मला ते हात दिसत होते. म्हणून लिहिलं.

आणि फायटर कुणासोबत राहतच नाही असं मी कुठेही लिहिलेलं नाही, नीट वाचा. आपल्या घरी बैठकीत शंभर लिटरची टाकी होती. त्यात गवतासारखी दाट झाडं होती, लपायला मडकं होतं. त्यात जांभळा फायटर कॅटफिश आणि गोगलगायीबरोबर दोन वर्षं राहिला. जागा असली, कोपरा असला, आणि त्याचा स्वभाव तसा असला, तर राहतो. काही तरीही राहत नाहीत. हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. मग गिऱ्हाइकाला का नाही सांगत?

तुमच्या टाकीत गप्पी घातलेत. लांब, रंगीत शेपट्यांचे, होय ना? फायटरला ते दुसरे फायटरच वाटणार आणि तो त्यांच्यावर तुटून पडणार. झाकण आहे का? हीटर? नसेलच.

आईला सांगा की मी जेवते वेळेवर.

आपली,
मुंगी

*

दि. १२ मार्च

चि. मुंगीस,

आशीर्वाद, जेवढे शिल्लक आहेत तेवढे.

तुझा निरोप तुझ्या आईला दिला. ती म्हणाली की मी तुमच्या दोघांची टपालपेटी नाही, तिने मला सरळ लिहावं. तेव्हा तिला वेगळं लिही.

नऊ दिवस झाले. सात मासे टाकले होते, सातही आहेत. पाणी आरशासारखं. टाकीच्या पलीकडे वर्तमानपत्र धरलं तर वाचता येतं. फायटर असा रुबाबात फिरतो की शाळेतून येणारी पोरं काचेला नाक लावून उभी राहतात. निळा गडद, पोटाशी लाल झाक. पहिल्याच दिवशी प्लॅस्टिकच्या झाडाला अडकून शेपटीची खालची कड बोटाच्या पेराएवढी फाटली, पण त्याने त्याला काही फरक पडलेला नाही. गप्पींच्या मागे एकदोनदा धावला, पण ती मस्ती. चार भावंडं एका घरात असली की एवढं चालायचंच.

त्या शिवणवाल्या बाईचं तू एवढं मनावर का घेतलंस मला समजत नाही. मी तिला धीर दिला. समोरचा माणूस पडेल चेहऱ्याने उभा असला की काहीतरी बोलावं लागतं, ही धंद्यातली माणुसकी आहे. तुला काउंटर कधी जमलं नाही ते यामुळेच. आलेल्या माणसाला तू आधी चाळीस लिटरची टाकी सांगायचीस, मग तीन आठवडे थांबा म्हणायचीस, आणि तो जो जायचा तो परत यायचा नाही. गिऱ्हाईक पळवण्यात तुझा हात कुणी धरला नसता.

चष्मेवाला रोज सकाळी येऊन मासे मोजून जातो. मोजू दे.

तुझा,
बाबा

*

दि. १६ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

गिऱ्हाईक पळवते. हे वाक्य मी तीन वर्षांपूर्वी ऐकलं होतं. बैठकीत, सगळ्यांसमोर. तुम्ही म्हणाला होतात की मुंगी गिऱ्हाईक पळवते, किल्ली बगळ्याकडे राहील. बारा वर्षांची असल्यापासून मी शाळा सुटली की दप्तर टाकून दुकानात यायचे. कुठल्या टाकीतला कुठला मासा आज नीट खात नाही हे मला दारातून कळायचं. बगळा तेव्हा गोगलगायीला हात लावायला घाबरायचा. दुकान मला हवं होतं हे तुम्हाला माहीत होतं, आणि माहीत असून तुम्ही ते माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या हातात ठेवलंत. आज पुन्हा तेच वाक्य गंमत म्हणून लिहिलंत. ठीक आहे.

आता पाण्याविषयी. आरशासारखं पाणी हा काही पुरावा नाही. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. नव्या टाकीत माशांची घाण पचवणारे जंतू तयार व्हायला महिनाभर लागतो. तोवर दहा लिटरमध्ये सात मासे स्वतःच्याच घाणीत श्वास घेत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते दिसायला लागेल. फायटर वरची हवा घेतो हे खरं, पण अंगाला पाणी तेच लागतं. विषारी धुरात नाकाला नळी लावून एखाद्याला बसवलं तरी त्याचे डोळे चुरचुरायचे राहतात का?

सोबत दोन छोट्या बाटल्या आणि एक काचेची नळी पाठवते आहे. कसं करायचं ते चिठ्ठीवर लिहिलं आहे. टाकीतलं पाणी खुणेपर्यंत घ्यायचं, दोन्ही बाटल्यांतले थेंब मोजून टाकायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर मी हरले. हिरवं झालं तर काय ते तुम्हाला कळेल.

माझ्यासाठी नको, माशांसाठी करा.

आपली,
मुंगी

*

दि. २९ मार्च

चि. मुंगीस,

आशीर्वाद.

आता तरी कान उघडे ठेवून वाच. पाटीवर आज ‘आठवडा चौथा’ लागला आहे. सात टाकले, सात आहेत. चष्मेवाल्याने मोजून मोजून शेवटी हार मानली. बाजारात लोक म्हणायला लागलेत की माशावाल्याला कळतं ते पुस्तकात नसतं.

तुझ्या बाटल्या पोचल्या. वरच्या फळीवर ठेवल्या आहेत, औषधांच्या शेजारी. मला थेंब मोजायची गरज नाही, मला डोळे आहेत. फायटर काल एवढा फुलला होता की बघणाऱ्याने थांबावं. शेपटी पंख्यासारखी उघडी, कडेपर्यंत गडद निळी, कात्रीने कापून काढल्यासारखी गोल. आजारी मासा असा दिसतो का, तूच सांग.

परवा मी स्वतः साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो. संपादक भला माणूस निघाला. माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, दुसरी बाजूही यायला हवी. पुढच्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी अकरा वाजता त्यांचा फोटोवाला येणार आहे. टाकीचा फोटो, शेजारी मी, आणि खाली माझं उत्तर. तू तुझा माफीचा मजकूर त्याच्या आत पाठवलास तर दोन्ही एकाच पानावर येतील. बापलेकीचं भांडण चव्हाट्यावर तूच नेलंस, मिटूही दे तिथेच.

तुझा,
बाबा

*

दि. २ एप्रिल

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

शेपटीला काय झालं?

तुमचं बारा तारखेचं पत्र माझ्यासमोर आहे. खालची कड बोटाच्या पेराएवढी फाटली असं त्यात तुमच्या अक्षरात लिहिलं आहे. एकोणतीस तारखेला ती कात्रीने कापल्यासारखी गोल आहे, आणि कडेपर्यंत गडद निळी. बाबा, फाटलेला पंख स्वच्छ पाण्यातसुद्धा इतक्यात पुरा भरत नाही. आणि भरतो तेव्हा नवा भाग आधी काचेसारखा पांढुरका येतो, रंग नंतर चढतो. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला खांद्यावर घेऊन बैठकीतल्या टाकीत हे दाखवलं होतं. बघ, नवा कोंब, असं म्हणाला होतात. तेव्हा मासे ओळखायला तुम्हीच शिकवलंत आणि आता मला ते ओळखता येणार नाहीत असं धरून चाललात.

हा दुसरा मासा आहे. कदाचित तिसरा असेल. आणि गप्पी किती बदलले ते मला मोजताही येणार नाही, कारण गप्पींच्या शेपट्यांबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही.

मला वाटलं होतं तुम्ही हट्टी आहात. हट्टी माणसावर रागावता येतं, त्यात थोडी मजाही असते. पण तुम्ही मला खोटं लिहिलंत. गिऱ्हाइकाला सांगता तसं. मुलीला काय आणि त्या शिवणवाल्या बाईला काय, तुम्हाला एकच. पत्र वाचून मी कामावर गेले आणि दिवसभर एकही आकडा धड लिहिला नाही.

तो फोटो छापून आला तर मी दुसरा लेख लिहीन आणि या वेळी दुकानाचं नाव घालीन, पाटीवर आहे तसं, पूर्ण. ही धमकी आहे. समजून उमजून देते आहे.

मुंगी

*

दि. २ एप्रिल

चि. बगळ्यास,

अ. आ. मोठी बहीण म्हणून विचारते आणि खरं उत्तर हवं आहे. काउंटरवरच्या टाकीत किती मासे मेले? तू तिथे दिवसभर उभा असतोस, तुला माहीत नाही असं होणार नाही. दुकान तुझं आहे. तुझ्या दुकानात हे चाललं आहे आणि तू मान हलवत बसतोस?

ताई

*

दि. ५ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तू पहिल्यांदाच मला एवढं सरळ विचारलंस, म्हणून सरळ सांगतो. पहिला फायटर अकराव्या दिवशी मेला. त्याआधी दोन दिवस तो तळाशी पडून होता, मधूनच दचकल्यासारखा वर जाऊन हवा घ्यायचा. दोन गप्पी त्याच्या आधी गेले. दोघांच्या शेपट्या त्याने कुरतडून ठेवल्या होत्या, नुसत्या काड्या राहिल्या होत्या. दुसऱ्या फायटरने झाकण नाही म्हणून उडी मारली. मला तो खाद्याच्या डब्यामागे मिळाला, वाळून चिकटलेला. आता तिसरा आहे. दोन्ही कॅटफिश गेले, त्यांच्या जागी आणलेलेही गेले. गप्पी एकूण सहा गेले. म्हणजे बारा, ताई. आज सकाळपर्यंत.

बाबा दुकान उघडायच्या तासभर आधी येतात. मेलेला काढतात आणि मागच्या टाक्यांतून तसाच दिसणारा शोधून आणतात. पहिल्याच गप्पीच्या वेळी मी लवकर पोचलो तर जाळी हातात घेऊन उभे होते. मला बघून त्यांनी जाळी पाठीमागे लपवली. साठीच्या माणसाने जाळी पाठीमागे लपवलेली बघणं काय असतं हे तुला कळणार नाही. मला म्हणाले की तुझ्या बहिणीला यातलं काही कळता कामा नये. त्या दिवसापासून ते काढतात आणि फेकायला मी नेतो.

पण मी चिडलोय तो एकट्या त्यांच्यावर नाही. तू लिहितेस, ‘दुकान तुझं आहे.’ ताई, मी ते कधी मागितलं? बैठकीत किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा तू रडत आत गेलीस आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधलंस. सगळे तुझ्यामागे. मी किल्ली हातात घेऊन तसाच उभा होतो, माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. तुला निदान रागावता आलं. मी काय करणार होतो? तू निघून गेलेली, त्यात मीही नको म्हटलं असतं तर त्यांनी दुकानाचं काय करायचं होतं? तीन वर्षांत तू मला किती पत्रं लिहिलीस ते आठव, मी सांगत नाही. तुझ्या मते मी तुझं दुकान घेऊन बसलोय. मला माशांचा वास सहन होत नाही, ताई. दुपारचं जेवण मी मागच्या गल्लीत उभं राहून जेवतो.

आणखी एक, हे घरात कुणाला माहीत नाही. गेलं वर्षभर मी संध्याकाळी लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकतोय. मोटर, दोर, दाराचे खटके, सगळं. परीक्षा झाली. एका कंपनीने एक मेपासून ये म्हटलं आहे. परवा बाबांना सांगणार आहे. तू मध्ये पडू नकोस, बाजूही घेऊ नकोस. तुम्ही दोघं महिनाभर भांडताय आणि मासे उचलतोय मी.

तुझा भाऊ,
बगळा (हे नावही तूच ठेवलंस)

*

दि. ८ एप्रिल

चि. बगळ्यास,

अ. आ.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. तू म्हणतोस ते खरं आहे. मी तुला लिहिलेली पत्रं मोजली. दोन. एकात माझी जुनी पुस्तकं पाठव असं होतं, दुसरं हे परवाचं, त्यातही तुझ्यावर ओरडलेच.

मी तुझ्यावर तीन वर्षं रागावले होते आणि एकदाही तुला ते कळवलं नाही. फुकट गेला सगळा राग. माफ कर असं लिहिते आहे, ते तू वाचून फाडलंस तरी चालेल.

मध्ये पडणार नाही. लिफ्टचं काम कसं असतं ते मात्र मला सविस्तर लिही. मला खरंच माहीत नाही.

ताई

*

दि. १३ एप्रिल

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद.

तू जिंकलीस असं समजू नकोस. जे झालं ते लिहितो, कारण दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा ते माझ्याकडून ऐकावंस.

सोमवारी बगळ्याने किल्ली काउंटरवर ठेवली आणि लिफ्टचं सांगितलं. मी एवढा ओरडलो की चष्मेवाला दुकान सोडून रस्त्यावर आला. मी त्याला नालायक म्हटलं, पळपुटा म्हटलं, आणखीही बरंच. तो सगळं ऐकून घेत उभा राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला की बाबा, मी बारा मासे माझ्या हाताने फेकले, तेरावा फेकणार नाही. आणि गेला. मागे वळून बघितलं नाही.

मी दुपारी शटर अर्धं खाली घेतलं. तुझ्या बाटल्या फळीवरून काढल्या. चिठ्ठी वाचली, चष्मा लावून दोनदा. थेंब मोजले. पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो. हिरवं झालं. नुसतं हिरवट नाही, हिरवंगार. मला वाटलं बाटली बिघडलेली पाठवली असेल हिने. म्हणून नळाचं पाणी घेतलं. ते पिवळं राहिलं. पुन्हा टाकीचं घेतलं. पुन्हा हिरवं.

मग मी मागच्या छोट्या टाक्या तपासायला घेतल्या. फायटरचे पेले, गप्पींच्या टाक्या, एकेक करून. तिसरीनंतर मी खाली स्टुलावर बसलो. मुंगे, एकतीस वर्षं. किती जणांना मी त्यांच्या हाताला लागत नाही म्हणून सांगितलं असेल, ते मला मोजता येईना.

गुरुवारी अकराला फोटोवाला आला. मी त्याला परत पाठवू शकलो असतो, आणि खरं सांगतो, तसंच करायचं मनात होतं. पण पाटी मी आदल्या दिवशीच बदलली होती. त्यावर लिहिलं होतं, ‘या दहा लिटरच्या टाकीत पाच आठवड्यांत बारा मासे मेले. दुकानदाराने गुपचूप बदलले. टाकी विकायची नाही.’ फोटोवाल्याने ती वाचली आणि विचारलं की हे खरंच घ्यायचं का. मी म्हटलं घे. तो म्हणाला, काका, चेहरा जरा हसरा ठेवा. मी म्हटलं चेहरा आहे तसा घे. चष्मेवाला दारात उभा होता. हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही. पाटी वाचून नुसता निघून गेला. मला ते त्याच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

उरलेला फायटर मी वीस लिटरमध्ये एकटा ठेवला आहे, हीटर लावून, वर झाकण घालून. खातोय. गप्पी वेगळे काढले.

काल एक बाई दोन मुलींना घेऊन आल्या. मुलींना फायटर हवा होता आणि त्याला मित्र हवे होते. मी त्यांना चाळीस लिटर सांगितले, झाडं सांगितली, तीन आठवडे रिकामी टाकी चालवा म्हटलं, आणि तरीही या माशाचा स्वभाव बघूनच सोबत द्या असं सांगितलं. बाईंनी सगळं नीट ऐकलं, मुलींचे हात धरले आणि काहीही न घेता गेल्या.

त्या गेल्या आणि मला तू आठवलीस. तू असंच बोलायचीस. आज लिहून टाकतो, पुन्हा लिहिणार नाही. तू गिऱ्हाईक पळवतेस म्हणून मी तुला काउंटरवरून काढलं नाही. गिऱ्हाईक कुठल्याही दुकानातून जातं. तू बोलायला लागलीस की मला माझ्याच दुकानात उभं राहवेना. तू पंधरा वर्षांची होतीस, सोळा, वीस, आणि प्रत्येक वेळी खरं बोलायचीस, मी शेजारी उभा असताना. बगळा गप्प राहतो म्हणून किल्ली त्याला दिली. एवढंच कारण होतं.

आता किल्ली काउंटरवर पडून आहे. तू ये आणि घे. ही विनवणी नाही, तुला हवं होतं म्हणून सांगतो.

तुझा,
बाबा

*

दि. १९ एप्रिल

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

साप्ताहिक इथेही येतं. फोटो बघितला. माझ्या टेबलाशेजारच्या बाईंनी विचारलं की हे कोण एवढे रागावलेले गृहस्थ. मी सांगितलं की माझे वडील आहेत. आवाज जरा मोठाच लागला, खोलीतल्या सगळ्यांनी वळून बघितलं.

बाबा, किल्ली मला नको.

हे मी चिडून लिहिते आहे आणि नीट विचार करूनही लिहिते आहे. तुमचं पत्र वाचून मला आधी रडू आलं आणि मग असा संताप आला की पायात चप्पल अडकवून मी पार पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेले. मला तीन वर्षं वाटत होतं की मला धंदा कळत नाही. मी कामाच्या ठिकाणी तोंड उघडायच्या आधी दहादा विचार करते, माझ्या बोलण्याने समोरचा पळून जाईल असं मला वाटतं. आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तसं काही नाही. माहीत होतं आणि तुम्ही मला तसं समजू दिलंत. मासे बदलल्याचं मी एखाद्या वेळी विसरेन. हे इतक्यात विसरता येणार नाही, आणि विसरले असं खोटं लिहिणारही नाही.

शिवाय इथे माझं काम आहे आणि ते मला आवडतं. इथे मी खरं लिहिते आणि त्यावर सही करते, कुणी मला बाजूला हो म्हणत नाही. दुकान मला हवं होतं तेव्हा फार हवं होतं. आता तुम्ही रिकामं पडलंय म्हणून देता आहात. तुमचं दुकान तुम्ही चालवा. तुम्हाला खरं बोलता येतं हे आता सगळ्या बाजाराने छापील वाचलं आहे. दोन मुलींना घेऊन आलेल्या बाई काही न घेता गेल्या म्हणता, तर जाऊ देत. तुम्ही त्यांना बरोबर सांगितलंत. मी असते तर एक शब्द बदलला नसता.

मे महिन्यात दोन दिवस येईन. मागच्या टाक्यांचं पाणी आपण दोघं मिळून तपासू आणि कुठल्या माशाला किती जागा, सोबत कोण चालेल, कोण नाही, याचे कागद करून प्रत्येक टाकीवर चिकटवू. काउंटरच्या आत मी येणार नाही, बाहेरच्या बाजूला उभी राहीन.

एक काम मात्र तुम्ही त्याआधी करायचं आहे. एक तारखेला बगळा पहिल्यांदा कामावर जाईल. त्याला तुम्ही नालायक म्हणालात ते त्याने मला सांगितलेलं नाही, तुम्हीच लिहिलंत. त्या दिवशी सकाळी लवकर उठा आणि त्याला दारापर्यंत सोडायला जा. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. जमलं तर खरं बोला.

आईला वेगळं पत्र टाकलं आहे.

माझा लोभ आहेच, तो तुम्ही मागायची गरज नाही. राग मात्र अजून काही दिवस चालवून घ्यावा, ही विनंती.

आपली,
मुंगी